पोलिश भाषेत अस्वलाला ‘मध खाणारा’ का म्हणतात? एका जोडशब्दाची गोष्ट बुलढाण्याच्या जंगलापर्यंत कशी पोहोचते?

खामगावहून बुलढाण्याकडे निघालं की वाटेत बोथ्याचं जंगल लागतं. हे ज्ञानगंगा अभयारण्य. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल २०१९ च्या शेवटी देशभर चर्चेत आलं होतं, कारण यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटरची पायपीट करून इथे येऊन थांबला होता. पण वाघ पाहुणा होता. या जंगलाची जुनी ओळख आहे ती अस्वलांसाठी.

आता बुलढाण्यातून थेट पोलंडला जाऊ. तिथल्या भाषेत अस्वलाला म्हणतात ‘न्येज्व्येच’. उच्चारायला अवघड, ऐकायला परका. पण हा शब्द नीट उलगडला तर त्यात एक ‘मध’ सापडतो, एक ‘अन्न’ सापडतं आणि शाळेत पाठ केलेला संधीचा एक नियमही सापडतो.

हे कसं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

शब्दाची फोड

‘न्येज्व्येच’ हा जोडशब्द आहे. आज पोलिश माणसालाही तो जोडशब्द वाटत नाही, इतका तो घासून गुळगुळीत झालाय. जुन्या पोलिशमध्ये याची सुरुवात ‘न’ने नाही, तर ‘म’ने व्हायची. म्हणजे ‘म्येज्व्येच’. ‘म’ आणि ‘व’ हे दोन्ही आवाज ओठांच्या मदतीने निघतात. एकाच शब्दात असे दोन आवाज जवळजवळ आले की जीभ कंटाळते आणि त्यातला एक बदलते. इथे ‘म’चा ‘न’ झाला.

पोलिशच्या बहिणींनी मात्र तो ‘म’ जपून ठेवलाय. रशियन भाषेत अस्वल म्हणजे ‘मेद्व्येद’. रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेद्वेदेव किंवा २०२१ ची यूएस ओपन जिंकणारा टेनिसपटू दानिल मेद्वेदेव आठवतोय? त्यांचं आडनाव या अस्वलावरूनच आलंय. आणि २००३ साली बॅलन डी’ओर मिळवणारा चेक फुटबॉलपटू पावेल नेद्व्येद? त्याचं आडनावही तेच, फक्त पोलिशसारखा ‘म’चा ‘न’ झालेलं. युक्रेनियन भाषेने तर शब्दाचे दोन्ही तुकडेच उलटसुलट केले. तिथे अस्वल म्हणजे ‘वेद्मिद’.

या सगळ्या भाषांची आई म्हणजे प्राचीन स्लाव भाषा. तिच्यातलं रूप ‘मेद्वेदि’सारखं होतं, असं अभ्यासक सांगतात. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला ‘मेदु’, म्हणजे मध. दुसरा ‘एद’, म्हणजे खाणारा.

मध खाणारा. बस्, इतकंच.

मधला ‘व’ कुठून आला?

इथे एक मजेशीर घोटाळा होतो. पोलिशमध्ये ‘व्येजेच’ म्हणजे जाणणे. आपल्याकडच्या ‘विद्’ आणि ‘वेद’ या शब्दांचा तो नातेवाईक. त्यामुळे अनेकांना वाटतं की अस्वल म्हणजे ‘मध जाणणारा’, मध कुठे लपलाय हे ज्याला ठाऊक आहे तो. ऐकायला हे इतकं छान वाटतं की समाजमाध्यमांवरही ते फिरत असतं.

पण हे खरं नाही. ‘व’ हा ‘वेद’मधला नाही. तो ‘मेदु’मधल्या ‘उ’चा आहे.

शाळेतलं व्याकरण आठवा. सु + आगत = स्वागत. मनु + अंतर = मन्वंतर. ‘उ’पुढे दुसरा स्वर आला की ‘उ’चा ‘व’ होतो. याला आपण यण् संधी म्हणतो. अगदी तेच स्लाव भाषेत झालं. मेदु + एद = मेद्वेद. ज्या नियमाने आपलं ‘स्वागत’ झालं, त्याच नियमाने पोलंडचं अस्वल झालं.

आता हाच जोडशब्द संस्कृतमध्ये करून बघू. मधु + अद. ‘अद्’ हा खाणे या अर्थाचा धातू, ज्याच्यापासून ‘अन्न’ हा शब्द आला. संधी केली की होतं ‘मध्वद’.

आणि हा शब्द आत्ता तयार केलेला नाही. तो ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे. तिथे तो झाडावर बसून गोड फळं खाणाऱ्या पक्ष्यांसाठी येतो. कठोपनिषदात तो कर्मांची फळं चाखणाऱ्या जीवासाठी येतो. म्हणजे शब्द तोच, घडण तीच. फक्त आपल्याकडे तो पक्ष्यांना आणि जीवाला मिळाला, स्लाव लोकांनी तो अस्वलाला दिला.

मग पोलिश भाषा संस्कृतमधून निघाली का?

असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. पोलिश, रशियन, लिथुआनियन यातले चार शब्द घ्यायचे, शेजारी संस्कृत शब्द ठेवायचे आणि ‘सगळ्या भाषांची जननी’ असा निष्कर्ष काढायचा. शब्दांमधलं साम्य खरं असतं, निष्कर्ष मात्र चुकतो.

कसा, ते एका साध्या उदाहरणातून समजून घेऊ. संस्कृतमध्ये दहाला ‘दश’ आणि आठला ‘अष्ट’ म्हणतात. दोन्हीत सुरुवातीचा स्वर ‘अ’. लॅटिनमध्ये दहा म्हणजे ‘देकेम’, आठ म्हणजे ‘ऑक्तो’. ग्रीकमध्ये ‘देका’ आणि ‘ऑक्तो’. पोलिशमध्ये ‘ज्येशेंच’ आणि ‘ओशेम’. म्हणजे या तिन्ही भाषांत एका ठिकाणी ‘ए’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ओ’ आहे, आणि तो फरक तिन्हीकडे सारखाच आहे.

या भाषा संस्कृतमधून निघाल्या असत्या, तर त्या सगळ्यांनी एकाच ‘अ’मधून एकमेकांना न विचारता नेमका तोच फरक पुन्हा तयार केला, असं मानावं लागेल. हे शक्य नाही. उलट बाजूने मात्र सगळं सरळ बसतं. मूळ भाषेत ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे होते. ग्रीक, लॅटिन आणि स्लाव भाषांनी ते वेगळे ठेवले. संस्कृतच्या घराण्यात दोन्ही मिसळून ‘अ’ झाले.

म्हणजे संस्कृत आणि पोलिश या मायलेकी नाहीत. त्या एकाच जुन्या आजीच्या नाती आहेत. त्या आजीला अभ्यासक ‘आद्य इंडो-युरोपीय’ म्हणतात. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकाच, कदाचित नामशेष झालेल्या भाषेत असावा असं मांडलं, आणि तिथून या अभ्यासाला गती आली. त्यात संस्कृतचं महत्त्व कमी होत नाही. उलट संस्कृत समोर आली नसती, तर हे कुटुंब इतक्या लवकर ओळखूच आलं नसतं.

अस्वलाचं खरं नाव कुठे गेलं?

आता खरा प्रश्न. या आजीच्या भाषेत अस्वलासाठी स्वतःचा शब्द नव्हता का?

होता. आणि तो आपल्याकडे आजही आहे: ‘ऋक्ष’. रामायणातला जांबवान हा ऋक्षराज. ग्रीकमध्ये तोच शब्द ‘आर्क्तोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’. उत्तर ध्रुवाच्या प्रदेशाला आर्क्टिक म्हणतात, कारण तो मोठ्या अस्वलाच्या तारकासमूहाखाली येतो. तो तारकासमूह म्हणजे आपले सप्तर्षी. गंमत अशी की वेदकाळातही सप्तर्षींना ‘ऋक्ष’ म्हणत. शतपथ ब्राह्मणात तसं स्पष्ट सांगितलंय.

म्हणजे भारतात, ग्रीसमध्ये, इटलीत मूळ नाव टिकलं. पण युरोपच्या उत्तरेला, जिथे घनदाट जंगलं आणि मोठी तपकिरी अस्वलं होती, तिथल्या भाषांतून नेमकं तेच नाव गायब झालं. स्लाव लोक त्याला ‘मध खाणारा’ म्हणू लागले. इंग्रजीतला ‘बेअर’ हा शब्द मूळचा ‘तपकिरी’ या अर्थाचा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. शेजारची फिनिश भाषा तर या कुटुंबातलीही नाही, पण तिथेही अस्वलाला लाडाने ‘मधाचा पंजा’ म्हणायची जुनी पद्धत आहे.

हे का झालं असावं? १९०६ साली फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी याचं उत्तर मांडलं. शिकारी आणि जंगलात राहणारी माणसं भीतीपोटी अस्वलाचं खरं नाव घेत नसत. नाव घेतलं की तो येतो, हा समज. मग टोपणनाव चालू झालं. काही पिढ्यांनी टोपणनाव हेच नाव झालं आणि मूळ नाव कुणाला आठवेनासं झालं.

हे ऐकून युरोपातल्या लोकांना हसायचं कारण नाही, कारण आपणही तेच करतो. रात्री सापाला ‘साप’ म्हणायचं नाही, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणायचं. अंगावर देवीचे फोड आले तर ‘देवी आल्या’ म्हणायचं. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. दुकान बंद होत नाही, ‘वाढवतात’. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं. ज्याची भीती वाटते, त्याचं नाव ओठावर येऊ द्यायचं नाही. ‘न्येज्व्येच’ हे पोलंडचं ‘लांबडं’ आहे.

मध आणि अस्वल यांची जुनी लढाई

पोलंडमध्ये ‘मध खाणारा’ ही नुसती कल्पना नव्हती. तिथे जिवंत झाडाच्या खोडात उंचावर ढोली कोरून त्यात मधमाश्या पाळायची शेकडो वर्षांची परंपरा आहे. पोलंड आणि बेलारूसच्या या परंपरेला २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. अस्वल मधाच्या वासाने झाडावर चढायचं. म्हणून मधपाळ पोळ्याच्या तोंडासमोर दोरीने जड ओंडका लटकवत. अस्वल तो पंज्याने बाजूला ढकलायचं, ओंडका झोका घेऊन परत त्याच्याच अंगावर आदळायचा. अस्वल चिडून अजून जोरात ढकलायचं आणि अजून जोरात मार खायचं.

पोलंडचं सगळ्यात प्रसिद्ध अस्वल मात्र इराणमध्ये भेटलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले पोलिश सैनिक आणि निर्वासित इराणमार्गे बाहेर पडत होते. १९४२ साली तिथे सैनिकांना अस्वलाचं एक पिल्लू मिळालं. त्याचं नाव ठेवलं वोइतेक. हे ‘वोइचेख’ या नावाचं लाडाचं रूप, आणि तोही जोडशब्दच: योद्धा अधिक आनंद. वोइतेकची सैन्यात रीतसर नोंद झाली, १९४४ मध्ये इटलीतल्या माँते कासिनोच्या लढाईच्या वेळी तो आपल्या तुकडीसोबत होता. १९६३ मध्ये एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात त्याचा मृत्यू झाला.

याच वाटेने निघालेल्या निर्वासितांपैकी सुमारे ५ हजार पोलिश लोक पुढे महाराष्ट्रात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात त्यांची छावणी होती. म्हणजे पोलिश भाषा महाराष्ट्राच्या मातीत काही वर्षं रोज बोलली गेली आहे.

आणि आपलं ‘अस्वल’?

आता मराठीकडे येऊ. ‘अस्वल’ हाही जोडशब्द आहे, हे किती जणांना माहीत असतं?

संस्कृतच्या ‘ऋक्ष’चा पाली-प्राकृतमध्ये ‘अच्छ’ झाला. त्याच प्राण्याला ‘भल्ल’ असाही दुसरा शब्द होता. हे दोन्ही जोडून ‘अच्छभल्ल’ झाला, प्राकृतात त्याचा ‘अच्छहल्ल’ झाला, आणि तिथून मराठीत आलं ‘अस्वल’. म्हणजे शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो ‘अस्वल-अस्वल’. हिंदीने हेच दोन शब्द वेगवेगळे ठेवले: ऋक्षपासून ‘रीछ’ आणि भल्लपासून ‘भालू’. मराठीने दोन्ही एकात बसवले.

म्हणजे पोलिशने मूळ नाव पार पुसून टाकलं आणि मराठीने ते ‘अस्वल’मधल्या पहिल्या ‘अस्’मध्ये जपून ठेवलं. ग्रीकांचा ‘आर्क्तोस’, लॅटिनचा ‘उर्सुस’ आणि आपला हा ‘अस्’ हे सख्खे भाऊ आहेत.

बुलढाण्याच्या अस्वलाची अजून एक गंमत आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या प्राण्याचं वर्णन केलं, तेव्हा लांब नखं बघून त्याला तो दक्षिण अमेरिकेतल्या ‘स्लॉथ’चा प्रकार वाटला. म्हणून इंग्रजीत आजही याला ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. चूक लक्षात आल्यावर १७९३ मध्ये नवं नाव मिळालं: ‘मेलुर्सुस’. मेल म्हणजे मध, उर्सुस म्हणजे अस्वल. म्हणजे मधावरून नाव ठेवायचा मोह शास्त्रज्ञांनाही आवरला नाही.

खरं तर हे अस्वल मधापेक्षा वाळवी आणि मुंग्या जास्त खातं. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, अगदी व्हॅक्युम क्लीनरसारखी. पण उन्हाळ्यात मोहाची फुलं गळायला लागली की ते झाडाखाली येतं. आणि ‘मोह’ हा शब्द आलाय संस्कृत ‘मधूक’वरून, जो ‘मधु’च्याच घरातला. सातपुड्यात मोहाखाली फुलं खात बसलेलं अस्वल हे शब्दशः ‘मध्वद’ असतं.

शेजारी राहणारी, पण नात्यात नसलेली भाषा

बुलढाणा जिल्ह्यातच याची दुसरी बाजूही दिसते. जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाल समाज राहतो. त्यांची निहाली भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. तिच्यात कोरकू आणि मराठीतून आलेले पुष्कळ शब्द आहेत, पण गाभा वेगळाच. बोलणारे फार तर अडीच हजारांच्या घरात असल्याचं अभ्यासक सांगतात.

म्हणजे बघा, हजारो किलोमीटरवरची पोलिश ही मराठीची नातेवाईक आहे, आणि शंभर किलोमीटरच्या आतली निहाली नाही. भाषांचं नातं नकाशावर मोजता येत नाही, ते शब्द एकेक उलगडूनच कळतं. पोलिश शब्दाचा माग काढता आला, कारण त्याच्या बहिणी आहेत आणि शेकडो वर्षांच्या लिखित नोंदी आहेत. निहालीला बहीणही नाही आणि जुन्या नोंदीही नाहीत. त्या भाषेतले शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडून गेले, तर ते दुसरीकडे कुठे शोधायलाही मिळणार नाहीत.

नाव घ्यायचं की नाही?

ज्ञानगंगेच्या आजूबाजूच्या गावांत अस्वल ही गोष्टीतली गंमत नाही. पहाटे शेतात जाणारा माणूस, मोहफुलं वेचायला गेलेली बाई, गुरं घेऊन निघालेला गुराखी यांच्यासमोर अस्वल अचानक येतं. ते माणसाला खायला हल्ला करत नाही. ते दचकतं. त्याची नजर फार चांगली नसते आणि वाळवी ओढताना ते इतकं गुंग असतं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते उभं राहून पंजा मारतं आणि जखम बहुतेक वेळा चेहऱ्यावर, डोक्यावर होते.

म्हणून जंगलाजवळच्या लोकांना सांगितलं जातं ते सोपं आहे. एकटं जाऊ नका. अंधारात आणि पहाटे जाणं टाळा. जाताना मोठ्याने बोला, काठी आपटा, आवाज करत चला. अस्वलाला आधी चाहूल लागली तर ते स्वतःच वाट सोडतं. हे अस्वलाच्याही भल्याचं आहे, कारण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण असूनही त्याची संख्या धोक्यात मानली जाते आणि माणसांशी होणारे संघर्ष हे त्यामागचं एक कारण आहे.

हजारो वर्षांपूर्वी उत्तरेच्या जंगलातल्या माणसांना वाटायचं की नाव घेतलं तर अस्वल येईल, म्हणून ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यातून ‘न्येज्व्येच’ हा शब्द जन्माला आला. ज्ञानगंगेच्या वाटेवर मात्र नेमकं उलटं करायचं असतं. तिथे गप्प चालायचं नाही. खुशाल मोठ्याने नाव घ्यायचं: अस्वल.